कव्हरमागची सतार

रेकॉर्ड लगेच लावू नका. आधी ती कव्हरातून अलगद काढा, दोन्ही तळहातांमध्ये कडांवर धरा आणि खिडकीकडे जराशी तिरपी करा. उजेड पडला की खाचांमधले फिकट-गडद पट्टे दिसू लागतात. दोन गाण्यांच्या मधली गुळगुळीत काळी रेघ दिसते. 'रबर सोल'च्या पहिल्या बाजूवर अशी पहिली रेघ ओलांडली की 'नॉर्वेजियन वुड' लागतं. गाणं अवघं दोन मिनिटं पाच सेकंदांचं. पाश्चात्त्य पॉपमधली सतार जमवणारा माणूस कुठूनही निघाला, तरी या रेघेपाशी येतोच.

आज घाई करायची नाही. चारपाच रेकॉर्डी काढून ठेवा आणि एकेक ऐका. ऐकताना मनात दोनच गोष्टी धरा: सतारीतलं नेमकं काय या खाचेत उतरलं, आणि ते कुणाच्या हातचं आहे. बाकीचं सगळं, म्हणजे फुलाफुलांचे शर्ट, उदबत्तीचा धूर आणि तो प्रसिद्ध हिप्पी उन्हाळा, तूर्त बाजूला राहू द्या. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे.

आता सुई ठेवा.

डिसेंबर १९६५ ची ही रेकॉर्ड. त्याच वर्षी बीटल्सच्या 'हेल्प!' चित्रपटात हॉटेलातला एक प्रसंग होता आणि त्यासाठी भारतीय वादक बोलावले होते. जॉर्ज हॅरिसननं तिथे सतार हातात घेऊन पाहिली. मग लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या इंडियाक्राफ्ट नावाच्या दुकानातून त्यानं एक स्वस्तातली सतार घेतली. ऑक्टोबरमधल्या ध्वनिमुद्रणात तिची तार तुटली. ती तार मिळाली एशियन म्युझिक सर्कल चालवणाऱ्या आयाना अंगडींकडून. ध्वनिमुद्रक नॉर्मन स्मिथला या वाद्यानं चांगलंच जेरीस आणलं, कारण नखीचा आघात पडला की मीटरचा काटा उसळायचा आणि तो आवाज दाबायला जावं तर सतारीची सतार राहीना.

गाणं संपलं असेल. सुई उचला आणि पुन्हा सुरुवातीला ठेवा. या वेळी शब्दांकडे लक्ष देऊ नका. सतार काय करते तेवढंच ऐका. गिटारनं मांडलेली सुरावटच ती वाजवते, एका स्वरावरून दुसऱ्यावर पायऱ्या उतरल्यासारखी. मींड जवळजवळ नाहीच. राग नाही, आलाप नाही. तरीही तो आवाज आला की कान टवकारतात. असं का व्हावं? याच प्रश्नावर थोडं रेंगाळा.

उत्तर मिरजेच्या सतारमेकरांकडे आहे. भोपळा तासून, दांडी बसवून, पडदे बांधून झाले तरी सतार बोलत नसते. शेवटी कारागीर घोडीचा माथा कानशीनं घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. घोडीचा हा माथा धारदार नसतो. तो रुंद असतो आणि अगदी किंचित उतरता. कंप पावणारी तार त्या उताराला क्षणोक्षणी हलकेच चाटून जाते, त्यामुळे मूळ स्वरावर स्वयंभू स्वरांची झालर चढते आणि स्वर हळूहळू उमलत विरतो. ही जवारी. ती वाद्यातच असते. वाजवणारा नवशिका असला तरी त्याच्या पहिल्या छेडीला ती उत्तर देते. मींडेचं तसं नाही. डाव्या हाताच्या बोटानं तार पडद्यावर आडवी खेचून एका पडद्यात तीन-चार स्वर काढायचे, आणि मधली वाट सुरेल ठेवायची, यात उमेदीची वर्षं जातात. बोटांना घट्टे पडतात. म्हणून १९६५ मध्ये लंडनच्या दुकानातून जवारी विकत घेता आली. मींड तिथल्या फडताळात नव्हती.

हे एकदा कानाला कळलं की संग्रहाकडे बघायची नजर बदलते. जुनी रेकॉर्ड विकत घेताना याचा व्यवहारातही उपयोग होतो. बोथट सुईनं वर्षानुवर्षं वाजवलेल्या रेकॉर्डीत सगळ्यात आधी वरचे बारीक स्वर मरतात, आणि जवारीचं सगळं वैभव तिथेच असतं. ढोल, बेस आणि गायकाचा गळा बरे वाचतात. सतार मात्र कोरडी, पत्र्यासारखी होते. चोरबाजारातला विक्रेता 'एकदम मिंट' म्हणाला तरी सतारीच्या जागेवर अर्धा मिनिट सुई ठेवायला सांगा. रेकॉर्डीचं वय तिथे कळतं.

दुसरी रेकॉर्ड छोटी आहे, पंचेचाळीस फेऱ्यांची. मे १९६६, रोलिंग स्टोन्स, 'पेंट इट ब्लॅक'. इंग्लंडमधल्या 'आफ्टरमाथ' या एलपीवर हे गाणं नव्हतं, अमेरिकेतल्या एलपीची सुरुवातच त्यानं होते. त्यामुळे इंग्लिश प्रतीच जमवणाऱ्याला सिंगलच शोधावी लागते. ब्रायन जोन्स इथे सतारीला पुढे दामटतो. गाण्याची चाल ती ढोलाच्या बरोबरीनं हाणते. मला हे वादन आवडतं. त्यात शिकल्याचा आव नाही, जवारीतला संताप आणि काळोख तेवढा उचलला आहे. एकदाच ऐका आणि पुढे चला, पुन्हापुन्हा ऐकून यातून फारसं नवं निघत नाही.

तिसऱ्या रेकॉर्डीपाशी मात्र मुक्काम करायचा आहे. 'रिव्हॉल्व्हर', ऑगस्ट १९६६, पहिल्या बाजूवरचं चौथं गाणं 'लव्ह यू टू'. तारांवरून एक झुळूक जाते, मग ताल नसलेली सतार येते. अर्धा मिनिटभर ती स्वर चाचपते, थांबते, पुन्हा वळते. पॉप रेकॉर्डीवर ठेका सुरू होण्याआधी एवढं थांबणं तोवर कुणाला परवडलं नव्हतं. ती शांतता मोडून तबला येतो. तिथे डोळे मिटा आणि फक्त डाव्या-उजव्याचं बोलणं ऐका. धा भरीव आहे, बायाला घुमारा आहे. हा हात हौशी माणसाचा नाही.

आता डोळे उघडा आणि कव्हर उलटं करा. मागे बारीक अक्षरात नाव आहे: अनिल भागवत. मराठी वाचक इथे थबकतोच, आडनाव आपल्या वाड्यातलं. भागवतांनी पुढे जे सांगितलं ते असं की अंगडींचा फोन आला, संध्याकाळी मोकळे आहात का म्हणून. कुणाबरोबर वाजवायचं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. दारात रोल्स रॉइस उभी राहिली तेव्हा प्रकरण काही वेगळं आहे हे उमगलं. हॅरिसननं सोळा मात्रांचं काहीतरी हवं म्हणून सुचवलं, बाकी त्यांच्या हातावर सोडलं. सतार पूर्ण हॅरिसनचीच की सर्कलमधल्या कुणाची यावर जाणकार आजही भांडतात. तबल्यावर वाद नाही, कारण नाव छापलेलं आहे.

तीन मिनिटांत रागसंगीताचं काय होणार, अशी कुरकुर आपल्याकडे लगेच होते. ती मनात उठली असेल तर तिला थोडा वेळ समोर बसवा. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावायची सक्ती आपल्या गवयांनाही होतीच. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या रेकॉर्डी काढा. 'जमुना के तीर'ची भैरवी एवढ्याशा खाचेत बसली आहे आणि कुठेही अंग चोरत नाही. तेव्हा दोष वेळेचा नाही. खाँसाहेबांचा प्रत्येक स्वर दुसऱ्या स्वराकडे सरकत जातो. 'नॉर्वेजियन वुड'मध्ये तो जागीच उभा राहून चमकतो. रविशंकरांना ते पहिलं वादन ऐकून विशेष काही वाटलं नव्हतं, यात नवल नाही. नवल याचं की त्यानंतरही त्यांनी हॅरिसनला शिष्य म्हणून घेतलं. सप्टेंबर १९६६ मध्ये तो शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये उतरला, बातमी फुटली, हॉटेलासमोर गर्दी लोटली आणि गुरुशिष्यांना काश्मीर गाठावं लागलं.

त्या तालमीनंतरची रेकॉर्ड आता लावा: 'सार्जंट पेपर', १९६७, दुसऱ्या बाजूवरचं पहिलंच गाणं, 'विदिन यू विदाउट यू'. तंबोऱ्यावर कान स्थिर होऊ द्या. मग गळ्याच्या मागे कोण चालतंय ते शोधा. सतार नव्हे, तिथे दिलरुबा आहे, गायकाच्या प्रत्येक वळणाला चिकटलेली. मींड अखेर आली, पण ती गजाच्या वाद्यातून आली. मधल्या भागात ताल बदलतो. हातावर मोजा: दोन, तीन, दोन, तीन. झपताल. दिलरुबा विचारते, सतार उत्तर देते. हॅरिसन सोडला तर बाकीच्या तीन बीटल्सपैकी इथे कुणीच नाही.

हे सगळं झाल्यावर कव्हर उलटं करा. मागे सगळ्या गाण्यांचे शब्द छापले आहेत. त्या काळी हे अपूर्वाईचं होतं. या वादकांची नावं मात्र नाहीत. शब्दांना जागा मिळाली, माणसांना नाही. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुबावर, बुद्धदेव कंसारा तंबोऱ्यावर, नटवर सोनी तबल्यावर, ही नावं लोकांसमोर यायला पन्नास वर्षं लागली. तुमच्याकडे ती रेकॉर्ड असेल तर एका चिठ्ठीवर चारही नावं लिहा आणि कव्हरात सरकवून ठेवा. चिठ्ठीनं संग्रहाची किंमत वाढणार नाही. तरी लिहा, आणि लिहून झाल्यावर गाणं पुन्हा लावा. हाताला नाव मिळालं की कान त्याच्याकडे वेगळा वळतो.

पुढची छोटी रेकॉर्ड मार्च १९६८ ची. वर 'लेडी मॅडोना', आणि तिच्या पाठीवर 'द इनर लाइट'. हिच्यात सतार शोधत बसू नका. तिथे सरोद आहे, बासरी आहे, शहनाई आहे, पखवाज आहे. सतारींच्या रांगेत ती ठेवायची ती तिच्या पत्त्यासाठी. वाद्यांचा सगळा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. हॅरिसन तिथे 'वंडरवॉल' चित्रपटाचं संगीत करायला आला होता. एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्यासाठी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र आणवलं. खोली आवाजबंद नव्हती आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा गलका आत यायचा, असं हॅरिसननंच नंतर सांगितलं. 'वंडरवॉल म्युझिक' ही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेली ॲपल कंपनीची पहिली एलपी. या वेळी नावं छापली आहेत: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार, सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य आणि शंकर घोष, बासरीवर केंकरे, सूरबहारवर चंद्रशेखर, म्हणजे आपले चंद्रशेखर नारिंग्रेकर. नावं सावकाश वाचा. यातली बरीचशी मंडळी मैफिलीतही वाजवायची आणि पोटासाठी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणातही. एका बैठकीत तीन मिनिटांचा तुकडा चोख देणं त्यांना नवं नव्हतं. लंडनला जे साधायला दोन वर्षं लागली, ते या मंडळींनी चार-पाच दिवसांत उरकलं.

आता उरलेला ढीग. यात नकली माल भरपूर आहे आणि त्यावर ध्यान करत बसण्याची गरज नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत कोरल नावाची इलेक्ट्रिक सतार निघाली. व्हिन्सेंट बेल या गिटारवादकानं ती घडवली. भोपळा नाही, सतारीचे पडदे नाहीत, गिटारच्या अंगावर रुंद चपटी घोडी आणि वर तेरा तरफा. म्हणजे जवारी तेवढी खरवडून घेतली, बाकी सतार फेकून दिली. 'ग्रीन टॅम्बोरीन' ऐका, 'क्राय लाइक अ बेबी' ऐका, स्टीव्ही वंडरच्या 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड'ची सुरुवात ऐका. झणझणीत आहे, नाकारता येत नाही. त्याच लाटेत १९६८ मध्ये 'लॉर्ड सितार' नावाची एलपी आली, लोकप्रिय गाण्यांच्या सतारीवरच्या नकला. वाजवणारा हॅरिसनच, अशी आवई उठली. प्रत्यक्षात तो लंडनचा स्टुडिओ-वादक बिग जिम सलिव्हन होता. संग्राहक ही रेकॉर्ड हौसेनं घेतात, मीही घेऊ नका म्हणणार नाही. पण तिचं कव्हर बघायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ ती ऐकायला देऊ नये.

शेवटची एक उरली. किंक्स, 'सी माय फ्रेंड्स', जुलै १९६५, म्हणजे 'रबर सोल'च्या चार-पाच महिने आधीची. हिच्यातही सतार नाही. आहे ती गिटारच, पण एकाच स्वरावर तंबोऱ्यासारखी घुमत ठेवलेली. ऐकताना गिटारच्या त्या न हलणाऱ्या स्वरावर कान ठेवा आणि रे डेव्हिसचा गळा त्याभोवती कसा कलंडतो ते पाहा. त्या वर्षीच्या जानेवारीत हा चमू ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत उतरला होता. पहाटे जाळी घेऊन निघालेल्या कोळ्यांचं गाणं डेव्हिसच्या कानावर पडलं, आणि त्यातून हे सुचलं असं तो पुढे सांगत आला. कोळ्यांच्या हातात सतार नव्हतीच. घराण्याचा, उस्तादाचा, जवारीचाही संबंध नव्हता. डेव्हिसनं वाद्य उचललं नाही. एका सुरात रेंगाळत गाण्याची रीत तेवढी उचलली. माझ्या मते ती रीत त्याला जितकी कळली तितकी पुढच्या निम्म्या सतारवाल्यांना कळली नाही. त्या कोळ्यांपैकी कुणाचं नाव कुठल्या लेबलवर असण्याचा प्रश्नच नाही, आणि चिठ्ठीवर लिहायलाही ते कुणापाशी नाही. दुकानदार ही रेकॉर्ड सतारीच्या खणात ठेवत नाहीत. तुम्ही ठेवा, आणि तारखेनं लावणार असाल तर सगळ्यांच्या आधी.