परवाना कोणाला विचारून?

दारू हराम आहे की नाही, याविषयी मुसलमानांत वाद नाही. म्हणूनच दारूच्या दुकानाचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यातली चर्चा लवकर संपते. पण आपण ज्या समाजात राहतो तो मिश्र आहे आणि येथील कायदा सर्वांचा आहे. जे आपल्याला निषिद्ध, ते शेजाऱ्यालाही निषिद्ध करा, असा आग्रह आपल्याला धरता येणार नाही. तो धरला, तर उद्या कोणी आपल्या ताटात डोकावला की त्याला कोणत्या तोंडाने अडवणार? तेव्हा प्रश्न हराम-हलालचा नाही. परवाना देताना शासन कोणाचे म्हणणे ऐकते, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात दारूचे परवाने १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली दिले जातात. बंदीच्या कायद्याने विक्रीची मुभा! राज्यघटनेचे ४७वे कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करायला सांगते. दारूचा धंदा करणे हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्ट केले. आणि तरीही जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, ते वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न मिळेल या अपेक्षेने. ज्याने परवान्याच्या अर्जाचा न्याय करायचा, त्याचीच तिजोरी त्या अर्जावर भरते. अशा न्यायाधीशाकडून आपण किती अपेक्षा ठेवायची?

अर्ज आला की उत्पादन शुल्क खात्याची माणसे जागा पाहतात. जागेचे कागद, नकाशा, पोलिसांचा अहवाल तपासला जातो. शाळा आणि प्रार्थनास्थळ किती मीटरवर आहे, हे मोजले जाते. हे सारे आवश्यकच आहे. पण टेपने अंतर मोजता येते, परिणाम मोजता येत नाही. मशिदीपासून अंतर पुरेसे भरले आणि दुकान नेमके मजुरांच्या वस्तीच्या तोंडाशी आले, तर कागदावर सारे ठीकच असते. पगाराच्या दिवशी त्या वाटेने घरी येणाऱ्या माणसाची वाट पाहणारी बाई कोणत्याही नकाशावर नसते.

अंतराच्या नियमाचे पुढे काय होते, हे देशाने पाहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. लगेच अनेक राज्यांत महामार्गांचा दर्जाच बदलण्याची धावपळ सुरू झाली. केरळात एका बारने दारापर्यंतची वाट नागमोडी करून अंतर वाढवले. बार जागच्या जागी राहिला, नियमही पाळला गेला!

दुकान बंद करायचे झाले तर? २००८च्या शासकीय आदेशाने ती वाट ठेवली आहे. गावातील किंवा वॉर्डातील २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन द्यायचे, मग गुप्त मतदान, आडवी बाटली की उभी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. या मार्गाने अनेक गावांतील बायकांनी दुकाने बंद केली, त्यांना सलाम. पण हिशेब पाहा. जी बाई त्या दिवशी मजुरीला गेली किंवा माहेरी होती, तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्याच उपयोगी पडते. दुकान उघडताना मालकाला निम्म्या बायकांची संमती आणावी लागली होती का?

मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातील नव्या दुकानाला सोसायटीची ना हरकत लागेल. चांगलेच झाले. पण जिथे नोंदलेली सोसायटीच नाही, त्या चाळीने आणि झोपडपट्टीने हरकत कोणत्या लेटरहेडवर लिहायची?

कोणी म्हणेल, परवाने आवळले तर हातभट्टी वाढेल. हा आक्षेप पोकळ नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली अवैध दारूचेच कारण देऊन उठवली गेली. पण मुंबईत बंदी नव्हती, तरी २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. परवान्याचे दुकान हातभट्टी थांबवतेच असे नाही. ते काम पोलिसांचे आहे. दुकान कुठे असावे हे ठरवण्याचे काम वेगळे आहे, एकाच्या नावाखाली दुसरे टाळता येणार नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, सिद्ध करण्याचा भार उलटा व्हावा. नुकसान झाले हे वस्तीने सिद्ध करण्याऐवजी, वस्तीची संमती आहे हे अर्जदाराने आधी सिद्ध करावे. आणि आपण हरकत घेऊ, ती केवळ मशीद जवळ आहे म्हणून नको. तशी हरकत घेतली की दुकान शंभर पावले पुढे, दुसऱ्याच्या दाराशी सरकते आणि आपण समाधानाने घरी परततो. इस्लामने शेजाऱ्याचा हक मोठा मानला आहे आणि तो देताना शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. शेजारच्या बौद्ध, मातंग, भटक्यांच्या वस्तीतील बायका दुकानाविरुद्ध निवेदन घेऊन निघाल्या, तर त्यावर आपल्या आया-बहिणींच्याही सह्या असाव्यात, दुकान मशिदीपासून कितीही लांब असले तरी.