घासलेली नळी

आपल्या हातानं दुरुस्त केलेली वस्तू पुढं कुणाच्या हातात जाऊन काय करील, याला आपण जबाबदार आहोत का? प्रश्न पुस्तकी वाटेल. माझ्यापुढं तो कामाच्या टेबलावर येऊन पडला होता.

१९८३ साली मी आयटीआयमधून टर्नर होऊन बाहेर पडलो. कारखान्यात नंबर लागेना. शेवटी बंदुकांच्या एका परवानाधारक दुकानात चिकटलो, उस्तादाच्या हाताखाली. एक दिवस विक्रीला सेकंडहँड वेब्ली रिव्हॉल्व्हर आलं. मार्क सहा. १९१५ सालापासून इंग्रजांच्या फौजेत गेलेली ही बनावट. गिऱ्हाईकही ठरलेलं, एका गावचं बडं घराणं. ते गाव माझ्या मावशीचं. पाणवठ्यावरनं त्या घराण्यानं आमच्या वस्तीचं काय केलं होतं, ते मावशीच्या तोंडून ऐकत मी मोठा झालो. इथं एवढं पुरे.

शेठ म्हणाला, "नळी आतनं आरशासारखी कर. दोन दिवसांत माल द्यायचाय."

उस्तादानं नळी उजेडाकडं धरून मला दाखवली. या नळीत सात मळसूत्री खाचा असतात, उजवीकडं वळत गेलेल्या. शिशाची गोळी त्यांत रुतते आणि गरगर फिरत बाहेर पडते. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, तशी गोळी फिरते तोवर सरळ जाते. खाचा झिजल्या की गोळी धड फिरत नाही, हवेत कलंडते. कागदावर मारून बघा, गोल भोक पडायच्या जागी लांबट फट पडते. म्हणजे गोळी आडवी लागली.

झीज नुसत्या बारानं होत नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचं एक मीठ बार झाल्यावर नळीत राहायचं. ते दमट हवेतलं पाणी ओढायचं आणि पोलाद खायचं. म्हणून जुने शिपाई नळीत आधी कढत पाणी ओतत, मग तेल लावत. नुसत्या तेलानं मीठ निघत नाही. ज्यानं आळस केला त्याच्या हत्याराची नळी आतनं सडली. बाहेरून पत्ता लागत नाही.

कधी कधी नळी झिजलेली दिसते आणि नसते. खाचांत शिसं साचलेलं असतं. ब्रश मारून ते काढलं की खाली खाचा शाबूत निघतात. या नळीत मी अर्धा दिवस ब्रश मारला. निघालं थोडं शिसं, बाकी पोलादच गेलेलं. आणि गेलेलं पोलाद घासून परत येत नाही, दोस्तांनो. पॉलिश मारावं तर आणखी थोडं जातं. नळी चमकते आणि आणखी सैल होते. खरे इलाज दोनच. नळी बदलायची, नाहीतर आतनं कोरून नव्या खाचांचं लायनर बसवायचं, इंजिनाच्या सिलिंडरला बसवतात तसं. वेब्लीची नळी आणि वरची पट्टी एकसंध घडवलेली, बिजागरीवर मोडणारी. आटे फिरवून ती निघत नाही. म्हणजे काम खर्चाचं. शेठला खर्च नको होता, चकाकी हवी होती.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानं हत्यारावरचा नंबर पुसणं गुन्हा आहे. शेठ नंबराला बोटही लावत नव्हता. खोटं सगळं आत होतं, जिथं गिऱ्हाईक बघत नाही.

त्या रात्री माझ्या मनात आलं, चमकव की लेका! फसू दे त्यांना. त्यांनी आपल्याला काय कमी फसवलंय? नेम चुकणारं हत्यार त्यांच्या हातात गेलं तर आपलं काय वाईट झालं? खरं सांगतो, त्या विचारानं मला गोड झोप लागली.

सकाळी जाग आली ती त्या लांबट फटीच्या आठवणीनं. कलंडलेली गोळी थांबत नाही. ती ज्याच्यावर रोखली त्याला लागत नाही, शेजारच्याला लागते. मावशीच्या वस्तीत घराला घर लागून आहे. शेजारचा म्हणजे कोण? दारात खेळणारं पोरगंच की. माझ्या खोटेपणाचा दंड त्या घराण्यानं भरला नसता. तो आमच्याच कुणीतरी भरला असता.

मग नळी नीट करावी? लायनर बसवून नेमबाज हत्यार त्यांच्या हाती द्यावं? तेही जमेना. बापाला विचारलं. बाप विहारात ऐकलेलं सांगायचा. उपासकानं पाच व्यापार करू नयेत असं तथागतांनी सांगितलंय, शस्त्रं, प्राणी, मांस, दारू, विष. यादीत शस्त्रं आहेत. आजा तिथंच बसलेला. तो १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा शिपाई. उसळून म्हणाला, "१८९२ च्या सुमाराला आपली भरती बंद केली, तवा हातातली बंदूक गेली नि मानपान बी गेला. हत्यार वंगाळ न्हाई. हात कुनाचा त्ये बघ."

दोघांचंही खरं होतं. मी आजही म्हणत नाही की एकाचं खोटं. पण माझा प्रश्न त्यांच्या मधोमध उभा होता. मी ना विकणारा, ना चालवणारा. मी घासणारा.

मला जे उमगलं ते असं. कारागिराची दोन कर्तव्यं असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. वस्तूबद्दल खरं बोलणं हे एक. ते मित्राला जेवढं देणं लागतो तेवढंच वैऱ्यालाही लागतो, कारण वस्तूचं खोटं कुणाच्या अंगावर फुटेल ते आपल्या हातात नसतं. दुसरं, आपला हात कुणाच्या कामाला द्यायचा. हा मात्र आपला हक्क आहे. तो कुणाचं देणं नाही.

मी वहीत लिहिलं, "खाचा झिजल्या आहेत. नेमाचा भरवसा नाही." शेठला म्हणालो, पॉलिश करणार नाही, लायनरही मी बसवणार नाही. उस्ताद गप्प राहिला. त्याला पाच लेकरं होती. मी त्याला दोष देत नाही. शील पाळायला दुसरी भाकर कुठंतरी असावी लागते, आणि मला लेथ येत होता. महिन्याच्या अखेरीस माझा हिशेब झाला.

त्या रिव्हॉल्व्हरचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. कदाचित दुसऱ्या कुणी ते चमकवलं असेल. मग माझ्या नकारानं काय साधलं? तुम्ही हे विचाराल, विचारलंच पाहिजे. जग बदललं नाही, हे कबूल. पण आज तुम्ही मोर्चात उभे राहून एखाद्याला विचारता, "तुझा हात कुठं होता?" तेव्हा हाच प्रश्न कुणी मला विचारला, तर मी मान खाली घालणार नाही. तुमच्या कामात अशी नळी येईलच. ती उजेडाकडं धरून आतनं बघा, मग काय करायचं ते ठरवा.