‘ऐकत नाही’ म्हणजे काय?

रोडपालीत राहणाऱ्याला आवाजाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. जवळच कळंबोलीचा लोखंड बाजार, पलीकडे तळोजा एमआयडीसी. रात्री कुठे सळयांचा गठ्ठा उतरला की झोपेतही दचकायला होते. अशा गोंगाटात राहून, उर्दू शाळेत शिकवताना आम्ही मात्र एकच तक्रार करत आलो: मुले ऐकत नाहीत.

मराठीत ‘ऐकत नाही’ याचे दोन अर्थ आहेत. कानावर पडत नाही, हा एक. सांगितलेले मानत नाही, हा दुसरा. उर्दूतल्या ‘सुनता नहीं’चेही तसेच. पहिली उणीव शरीराची, दुसरी वागणुकीची. आम्ही शिक्षक दुसराच अर्थ धरून चालतो.

पाचवीतला एक मुलगा इमला लिहिताना ‘सीन’ आणि ‘शीन’ यांची हमखास गल्लत करी. नावाने हाक मारली की लगेच वळे. धडा विचारला की गप्प. “याला हवे तेव्हा बरोबर ऐकू येते,” असे आम्ही एकदा भर वर्गात म्हणालो. मुले हसली. तोही हसला. त्याच्या अम्मीला बोलावून घेतले, तर त्या म्हणाल्या, “टीचर, घर में तो सुनता है.” वडील लोखंड कापण्याच्या कामावर. त्या घरात सगळेच मोठ्याने बोलत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले, तेव्हा त्यांना शंका आली. पुढे बांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी झाली. मुलाला खालच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येत होते, वरच्या पट्टीतले जवळजवळ नाहीच. लहानपणी मोठ्या आजारात दिलेल्या इंजेक्शनांचा तो परिणाम असावा, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

मग आम्ही कानाविषयी वाचू लागलो. कानाच्या पडद्याची थरथर तीन इवल्या हाडांमधून आत जाते. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते, तिला कॉक्लीआ म्हणतात. आपल्याकडे नवजात बाळाच्या कानात अजान देतात, तेव्हाही ती मोठ्या माणसाच्या कॉक्लीआएवढीच असते. द्रव हलला की आतल्या पातळ पडद्यावर लाट उठते. उंच आवाजाची लाट तोंडापाशीच सर्वांत जोर धरते, खोल आवाजाची आत टोकाकडे. या लाटेच्या शोधासाठी गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळाले. पडद्यावर सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्यांचे केस वाकले की विजेचा संकेत मेंदूकडे निघतो. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि काही औषधे व मोठा गोंगाट यांचा घाव बहुधा तोंडाजवळच्या पेशींवर आधी पडतो.

म्हणजे हाकेतले स्वर त्या मुलापर्यंत पोचत होते. स, श, फ यांचा बारीक सूर वाटेतच हरवत होता. ज्याला आम्ही लबाडी म्हणालो, ती पेशींची उणीव होती.

आम्हाला ठाऊक नव्हते, हा गुन्हा का? नुसते ठाऊक नसणे हा गुन्हा नाही, असे आम्ही मानतो. पण विचारपूस न करता निवाडा देणे हा आहे. कानाच्या रचनेत आणखी एक गोष्ट आहे. केसपेशींतल्या बाहेरच्या ओळी आलेला आवाज वाढवतात, आणि त्यांना मेंदूकडूनही तंतू येतात. मेंदू त्यांचा जोर कमी करू शकतो. शिवाय ऐकू आलेल्यातले कशाकडे लक्ष द्यायचे, हे माणूस बरेचसे स्वतः ठरवतो. ज्याचे कान धड आहेत, त्याच्यावर न ऐकण्याची जबाबदारी अधिक. त्या वर्गात धड कान आमचे होते. ‘सीन’-‘शीन’ची तीच ती चूक वर्षभर काहीतरी सांगत होती. ऐकले नाही ते आम्ही.

आता तो यंत्र लावतो, पहिल्या बाकावर बसतो. आम्हीही फळ्याकडे तोंड करून बोलणे सोडले. त्याची माफी आम्ही मागितली, पण मधल्या सुट्टीत, एकट्याला गाठून. तो म्हणाला, “कोई बात नहीं, टीचर.” हसे मात्र सगळ्या वर्गासमोर केले होते. त्या वर्गासमोरची माफी अजून राहिली आहे.