यंत्राची बुद्धी आणि माणसाचा जबाब

भिवंडी तालुक्यातील गुंदवलीपासून मुंबईच्या भांडुप संकुलापर्यंत सुमारे 15 किलोमीटरचा जलबोगदा खडकातून गेला आहे. मागांच्या खडखडाटात वावरणाऱ्या किती भिवंडीकरांस, आपल्या तालुक्यातून मुंबईचे पाणी असे पाताळमार्गाने जाते, हे ठाऊक असेल? असले बोगदे आज अजस्र खोदयंत्रे कोरतात. 1863 साली पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावरील 25 बोगदे पहार, छिन्नी व सुरुंग यांच्या बळावर झाले, आणि त्या घाटात पटकीने व अपघातांनी हजारो मजूर मेले. तेव्हा यंत्राच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांत आम्ही सामील होणार नाही.

परंतु आता खोदयंत्राची दिशा आणि दाब हेही कृत्रिम बुद्धीकडे सोपविण्याचे प्रयोग होत आहेत. क्वालालंपूर येथे अशी स्वयंचलित यंत्रे चालविली गेली आहेत. खडक बदलला हे जुना चालक यंत्राच्या थरथरीवरून ओळखी. नवे यंत्र ते आकड्यांवरून, बहुधा अधिक अचूक, ओळखते. तेही आम्हांस मान्य. मात्र ते चुकलेच, तर जबाब कोणी द्यावयाचा?

ठाण्यात एका विंधणविहिरीच्या खोदाईने याच जलबोगद्यास भोक पडले आणि दुरुस्तीसाठी 2023 साली मुंबईत 15 टक्के पाणीकपात करावी लागली. त्या खोदयंत्राने आपले काम चोख बजावले होते! खाली काय आहे, हा प्रश्न यंत्रास पडत नाही. तो माणसासच पडावा लागतो.

भिवंडीच्या विणकरास हे निराळे सांगावयास नको. साध्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग थांबतोच असे नाही. एकाच माणसाने अनेक मागांवर नजर ठेवावयाची, आणि कापडात खोट निघाली की मजुरी बहुधा त्याचीच कापली जावयाची. बोगद्यातही हाच न्याय उतरेल, अशी आम्हांस धास्ती वाटते: निर्णय यंत्राचा, आणि नोंदवहीवर सही रात्रपाळीच्या चालकाची. ज्याच्या माथी दोष येणार, त्याच्या हाती यंत्र थांबविण्याचा अधिकार हवा, आणि तो केवळ कागदोपत्री नको. यंत्र विनाकारण थांबले तर दिवसाचा मोठा खर्च बुडतो, असे कंत्राटदार म्हणतील, व ते खोटे नाही. तो खर्च कंत्राटातच धरावा. शंका आली म्हणून यंत्र थांबविणाऱ्याची मजुरी कापू नये, एवढे एक कलम त्यात लिहावयास विशेष बुद्धी लागत नाही. कृत्रिम तर नाहीच.