गीत, आठवण आणि प्रार्थना



३८७ साली संत मोनिका इटलीतील ऑस्तिया येथे देवाघरी गेल्या. दफनविधीच्या वेळी त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन रडले नाहीत. नंतर झोपेतून जाग आल्यावर त्यांना बिशप अँब्रोज ह्यांच्या गीताच्या ओळी आठवल्या, आणि अश्रू वाहू लागले. सुमारे दहा वर्षांनी त्यांनी हे ‘कन्फेशन्स’मध्ये लिहिले व वाचकांना विनवले की, वेदीपाशी माझ्या आईवडिलांचे स्मरण करा.

मृतांच्या मिस्सामध्ये ओळखीचे गीत ऐकून आपलाही कंठ दाटतो. ते अश्रू आपल्या एकटेपणासाठी, की गेलेल्या माणसासाठी? भावना गीताबरोबर ओसरते. प्रेम मात्र काहीतरी करते. घरी जाऊन त्या माणसाविषयी चार ओळी लिहा, मुलांना वाचून दाखवा. त्यांच्या प्रार्थनेतही ते नाव राहील.

– प्रमुख धर्मगुरू