एकाच पंगतीला

इस्लामपूरच्या महाविद्यालयाच्या फलकावर कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव पोरांना रोज दिसतं. त्यांच्या वसतिगृहातली चूल मात्र मुद्दाम आठवावी लागते.

भाऊरावांची रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी सुरू झाली आणि १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह निघालं. तिथे मराठा, महार, जैन, मुसलमान पोरं एकत्र राहत, मिळून स्वयंपाक करत, एकाच पंगतीला जेवत. त्या काळात हे ऐकून गावकी बिथरली नसती तरच नवल! दाणागोटा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं.

१९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं.

पुढे १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, 'कमवा आणि शिका' योजना घेऊन. पोरगा पाटलाचा असो की मजुराचा, खोरं दोघांच्याही हाती!