उरलेल्या वेळेतील स्वप्न

डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीन उद्यानासमोर ८६ क्रमांकाची जुनी इमारत आहे. येशूसंघीय कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स १८८४ साली ग्रीक शिकवावयास येथे आले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासता तपासता ते खंगून जात. त्यांची अतिशय वेदनामय सुनीते याच काळातली. १८८९ साली ते वारले. कवितासंग्रह निघाला तो १९१८ साली.

या शहरात शिकत असताना एक प्रश्न मला छळतो. सकाळी वर्ग, सायंकाळी दुकानातली खोकी उचलणे, रात्री भाताचा कुकर. मग कादंबरीचे स्वप्न कोठे बसवावे? कष्टांतूनच प्रतिभा उमलते, असे म्हणणारे बहुधा पोटभर जेवून बोलत असावेत. त्या गठ्ठ्यांनी हॉपकिन्सच्या किती ओळी गिळल्या, हे कोण सांगणार?

पण माझ्या शिक्षणापायी बाबांनी वसईची वाडी गहाण टाकली आहे. त्यांनाही एके काळी गायक व्हायचे होते. त्यांनी मिटलेल्या स्वप्नाच्या पैशावर मी माझे स्वप्न पाहावे काय? देणे आधी फेडावे, असे माझे मन सांगते. तरी रोजचा अर्धा तास मी वहीसाठी राखतो. तो माझा की बाबांचा, हे अजून ठरलेले नाही. काल त्यात तीन ओळी झाल्या, दोन खोडल्या.